ताप शरीरात, धोका दृष्टीला
रक्तावाटे डोळ्यात पोहोचणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी

वार्षिक अहवालाची बहुतेक पाने आकड्यांनी भरलेली असतात. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खाटा वाढल्या, याचा हिशेब विश्वस्तांना व देणगीदारांना देणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्णालयाला वर्षभरात जे शिकायला मिळते ते आकड्यांत मावत नाही. म्हणून या पानांवर एका आजाराची सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे. हा आजार विरळा आहे. मात्र तो झाला तर काही तासांच्या विलंबाने माणसाची दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि तो विलंब टाळणे पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाच्या हाती असते.

आम्हाला धडा देणारा एक रुग्ण

काही वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी पन्नाशी उलटलेले एक शेतकरी आमच्या पुरुष कक्षात दाखल झाले. आठ दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. गावात हिवताप समजून औषधे झाली होती. मधुमेह जुना होता, पण गोळ्या अनियमित. दाखल करताच सलाईन लावले, रक्त तपासणीसाठी पाठवले व प्रतिजैविक सुरू केले. रविवारी सकाळी त्यांनी परिचारिकेला सांगितले की, उजव्या डोळ्यापुढे धुके आल्यासारखे वाटते. डोळा लाल होता, पापणी किंचित सुजली होती. कक्षात त्या दिवसांत डोळे आलेले आणखी दोघे होते. त्यामुळे हेही तसेच असावे असे सर्वांनी धरून चालले. थेंब दिले गेले आणि केसपेपरवर 'सोमवारी नेत्रविभागात दाखवणे' अशी नोंद झाली.

सोमवारी दुपारी आमच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांना पाहिले तेव्हा काळ्या बुबुळापुढे खालच्या बाजूस पुवाचा पांढरा थर साचला होता आणि डोळ्याच्या आतले काहीही दिसत नव्हते. त्याच सायंकाळी पोटाची सोनोग्राफी झाली. यकृतात मोठे गळू होते. ताप त्या गळवाचा होता आणि डोळ्यातला पूही त्याचाच होता. गळवातील पू नळी घालून काढला, डोळ्यात औषधाचे इंजेक्शन दिले, पुढे मोठ्या शहरात डोळ्यावर शस्त्रक्रियाही झाली. रुग्ण वाचला. उजव्या डोळ्याची दृष्टी मात्र परत आली नाही.

त्यांच्या पत्नी आम्हाला एवढेच म्हणाल्या, "हे काल सकाळीच सांगत होते हो, डॉक्टर." त्यांच्या स्वरात राग नव्हता. एक दिवस आधी उपचार झाला असता तर डोळा नक्की वाचला असता असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु तो दिवस आम्ही गमावला, हे आम्हाला मान्य केलेच पाहिजे. हा लेख त्या कबुलीतूनच लिहिला आहे.

आजाराचे स्वरूप

डोळ्याच्या आतील पोकळीत जंतुसंसर्ग होऊन पू होणे यास वैद्यकात एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. बहुतेक वेळा जंतू बाहेरून शिरतात. डोळ्याला झालेली जखम, शस्त्रक्रिया किंवा बुबुळावरील व्रण हे त्यांचे मार्ग. परंतु शंभरांतील साधारण दोन ते आठ रुग्णांत डोळ्याला बाहेरून काहीही झालेले नसते. शरीरात अन्यत्र असलेल्या संसर्गाचे जंतू रक्तात मिसळतात आणि रक्तावाटे डोळ्यात उतरतात. आपण येथे ज्या प्रकाराविषयी बोलत आहोत तो हाच.

डोळ्याची रचना लक्षात घेतली म्हणजे हा आजार इतका घातक का ठरतो ते कळते. बुबुळ व भिंग यांच्या मागे डोळ्याची मोठी पोकळी असते. तीत सुमारे चार मिलिलिटर इतका पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. त्यात बहुतांश पाणीच असते आणि रक्तवाहिन्या मुळीच नसतात. त्याला लागून मागे दृष्टिपटल, म्हणजे प्रकाश टिपणारा नाजूक पडदा असतो, आणि त्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. या जाळ्यातून फार मोठ्या प्रमाणावर रक्त वाहते. निरोगी अवस्थेत रक्त आणि डोळ्याचा अंतर्भाग यांमध्ये पेशींची एक घट्ट भिंत असते. ती नको ते पदार्थ आत येऊ देत नाही. रक्तातील जंतू या जाळ्यात अडकले व ती भिंत फुटली की ते आतल्या जेलीत उतरतात. तेथे त्यांना उबदार, पाणीदार जागा मिळते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी लगेच पोहोचत नाहीत. जंतू वेगाने वाढतात. पुढे पांढऱ्या पेशी पोहोचतात तेव्हा त्यांच्या झुंजीतून निघणारे पदार्थही दृष्टिपटलाला इजा करतात. दृष्टिपटलाच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्वचेवरील गळू बरे झाल्यावर केवळ व्रण राहतो; येथे तो व्रण नेमका दृष्टीच्या जागी राहतो.

जंतू कोठून येतात?

मूळ संसर्ग शरीरात कोठेही असू शकतो. यकृतातील गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, हृदयाच्या झडपांवरील संसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, हाड किंवा सांध्यातील पू, मधुमेही रुग्णाच्या पायाची चिघळलेली जखम, त्वचेवरील मोठे गळू ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. दीर्घकाळ शिरेत राहिलेली सलाईनची सुई, डायलिसिससाठी बसवलेली नळी, लघवीची नळी हेही जंतूंना वाट करून देतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना धोका अधिक. त्यांत मधुमेहाचे रुग्ण सर्वांत पुढे. त्यामागोमाग मूत्रपिंड निकामी झालेले, कर्करोगाची औषधे घेणारे, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची नवजात बालके येतात.

यकृतातील गळू आणि डोळा यांचा संबंध विशेष सांगण्याजोगा आहे. १९८०च्या दशकात तैवानमधील डॉक्टरांच्या लक्षात आले की, क्लेब्सिएला न्यूमोनिए या जंतूमुळे यकृतात गळू झालेल्या काही मधुमेही रुग्णांची दृष्टी अचानक जाते. १९८६ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यानंतर पूर्व आशियातील इतर देशांतून आणि पुढे जगाच्या अन्य भागांतून, भारतातूनही, असे रुग्ण नोंदले गेले. हा जंतू अनेकांच्या आतड्यांत निरुपद्रवीपणे राहत असतो. आतड्यातील रक्त प्रथम यकृताकडे जाते, म्हणून आतड्याची भिंत ओलांडली की यकृत हाच त्याचा पहिला मुक्काम ठरतो. त्याच्या काही जातींभोवती जाड, बुळबुळीत कवच असते. त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला पकडता येत नाही. प्रयोगशाळेत अशा जंतूंच्या पुंजक्याला बारीक तारेने स्पर्श करून तार वर उचलली असता पाकासारखी लांब तार सुटते. ही साधी चाचणी आजही केली जाते.

आपल्याकडे यकृतातील गळू म्हटले की आमांशाच्या अमिबामुळे झालेले गळू प्रथम आठवते, आणि ते रास्तही आहे. परंतु मधुमेह वाढत आहे तसतसा यकृतातील गळवामागे असा जंतू असण्याची शक्यताही मनात धरावी लागते. अशा रुग्णाने डोळ्याची तक्रार केली तर ती किरकोळ मानून चालत नाही.

काही जंतू सावकाश येतात

वर वर्णिलेला आजार तासांच्या हिशेबाने वाढतो. काही जंतू मात्र आठवडे किंवा महिने घेतात. क्षयाचे जंतू फुफ्फुसातून रक्तावाटे डोळ्यामागील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात पोहोचू शकतात. तेथे बारीक गाठी होतात किंवा डोळ्याला वारंवार सूज येते. कधी कधी छातीचा एक्स-रे पूर्णपणे निर्दोष असूनही डोळ्यात क्षयाचे परिणाम दिसतात.

दुसरे उदाहरण लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे कोकणात 'लेप्टो' म्हणून घरोघरी ठाऊक असलेल्या तापाचे. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांवाटे हे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. या तापातून उठलेल्या काही रुग्णांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळा लाल होणे, दुखणे व अंधुक दिसणे असा त्रास होतो. १९९४ साली तमिळनाडूतील मदुरै येथे अशा डोळ्यांच्या रुग्णांची साथच दिसून आली आणि तिचा संबंध आधीच्या पुरांशी व लेप्टोशी जोडला गेला. ताप कधीच विसरला गेलेला असतो, त्यामुळे रुग्ण तो आपणहून सांगत नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर दिवाळीत डोळा दुखला तरी डॉक्टरांना तो ताप अवश्य सांगावा, तो एवढ्यासाठीच.

'डोळे आले' आणि हा आजार : फरक कसा ओळखावा?

पावसाळ्यात डोळे येणे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात सहसा एकापाठोपाठ दोन्ही डोळे लाल होतात, खुपतात, चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात. परंतु चिपडे पुसल्यावर पूर्वीइतकेच स्पष्ट दिसते. घरातील दुसऱ्या कोणाला तरी तोच त्रास असतो.

रक्तावाटे आलेल्या संसर्गात दिसणे कमी होते. हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. डोळ्यापुढे धुके किंवा जाळे येते, काळे ठिपके तरंगतात, डोळ्याच्या आत खोलवर ठणका लागतो, उजेड सहन होत नाही, पापणी सुजते. पुढे बुबुळामागे पांढरट थर दिसू लागतो किंवा बाहुली पिवळसर दिसते. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी बाधा होऊ शकते. अनेकदा एकालाच होते. सोबत ताप असतो, पण नेहमीच असतो असे नाही. काही रुग्णांत शरीरात दडलेल्या संसर्गाची पहिली खूण डोळ्यातच उमटते आणि मूळ गळवाचा शोध त्यानंतर लागतो.

येथे एक गफलत वारंवार होते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली एक-दोन दिवस कमी होते, घरच्यांना बरे वाटते आणि आत पू वाढत राहतो. गुलाबपाणी, मध, आईचे दूध असे घरगुती उपायही अशा डोळ्यात घालू नयेत. त्यांनी आतील संसर्ग तर जात नाहीच, उलट वेळ जातो आणि बाहेरून नवा संसर्ग होण्याची भीती राहते.

उपचार : दोन डॉक्टर, एक रुग्ण

या आजारात डोळ्याचा उपचार आणि शरीराचा उपचार एकाच वेळी करावा लागतो. रक्त व लघवी कल्चरसाठी पाठवणे, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी करून मूळ ठिकाण शोधले जाते. शिरेतून प्रतिजैविके दिली जातात, रक्तातील साखर ताब्यात आणली जाते आणि कोठे पू असल्यास तो काढला जातो. परंतु वर सांगितलेली पेशींची भिंत औषधांनाही अडवते. शिरेतून दिलेले औषध डोळ्याच्या आत पुरेशा प्रमाणात पोहोचेलच असे नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञ डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासणीसाठी घेतात आणि एका मिलिलिटरच्या दहाव्या भागाइतके औषध अतिशय बारीक सुईने थेट डोळ्याच्या आत सोडतात. डोळ्यात सुई म्हटले की नातेवाईक घाबरतात, ते साहजिकच आहे. डोळा औषधाने बधिर करूनच हे केले जाते. पू फार असल्यास आतील दूषित जेली काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

"मोतीबिंदूनंतर संसर्ग झाला तेव्हा नुसते डोळ्यात इंजेक्शन दिले होते, मग आता सलाईन कशाला?" असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांचा अधिक लाभ होत नाही. तेथे जंतू डोळ्यापुरतेच असतात. येथे ते रक्तात असतात. शिरेतील औषध थांबवले तर डोळाच नव्हे, जीवही धोक्यात येतो.

सत्य सांगायचे तर, सर्व उपचार होऊनही अनेक डोळ्यांची दृष्टी परत येत नाही. यकृतातील गळवातून आलेल्या क्लेब्सिएलाच्या संसर्गात तर निकाल विशेष वाईट असतो आणि क्वचित डोळा काढावाही लागतो. ज्यांची दृष्टी टिकते त्यांच्या बाबतीत बहुधा तक्रार लवकर ऐकली गेलेली असते.

आम्ही काय बदलले?

त्या सोमवारनंतर आमच्या कार्यपद्धतीत तीन बदल झाले. पहिला, तापाच्या किंवा मधुमेहाच्या प्रत्येक दाखल रुग्णाला परिचारिका सकाळ-संध्याकाळ तापमान घेताना एकेक डोळा झाकून बोटे मोजायला सांगतात व त्याची नोंद तापाच्या तक्त्यावरच करतात. जे रुग्ण बोलू शकत नाहीत, त्यांचे डोळे टॉर्चने पाहिले जातात. दुसरा, दृष्टी कमी झाल्याची तक्रार आली तर रविवार असो वा रात्र, नेत्रतज्ज्ञांना त्याच क्षणी दूरध्वनी करण्याचा अधिकार परिचारिकेला आहे. त्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. तिसरा, डोळ्यात देण्याच्या प्रतिजैविकांचा संच शस्त्रक्रियागृहात सदैव तयार ठेवला जातो. डोळ्याची सोनोग्राफी करणारे यंत्र देणगीदारांच्या साहाय्यानेच घेता आले. बुबुळ धूसर झाले असता आत पाहण्याचा तोच एक मार्ग आहे.

या बदलांना खर्च थोडा लागला. सवय लावायला मात्र वेळ लागला. त्यानंतर एकदा मूत्रमार्गाच्या संसर्गाने आलेल्या एका भगिनींना रात्री बोटे मोजताना डाव्या डोळ्याने दोनच्या जागी नुसती सावली दिसली. तासाभरात नेत्रतज्ज्ञ आले आणि त्याच रात्री इंजेक्शन दिले गेले. त्यांची नजर पहिल्यासारखी झाली नाही. पण पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा घरी तांदूळ निवडता येतात असे त्यांनी आवर्जून सांगितले.

नातेवाइकांना विनंती

आपला रुग्ण तापाने अंथरुणाला खिळलेला असेल, विशेषतः त्याला मधुमेह असेल, तर दिवसातून दोनदा एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगावे. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्याचे पुष्कळदा लक्षात येत नाही. फरक जाणवल्यास त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला डॉक्टरांना सांगावे. डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेल्यास ताप, गळू, सलाईन, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांची माहिती द्यावी. तापाच्या डॉक्टरांकडे गेल्यास डोळ्याची तक्रार सांगावी. मधुमेही व्यक्तीने रोज पायाचे तळवे पाहावेत, जखम अंगावर काढू नये. नाकाजवळील व चेहऱ्यावरील फोड पिळू नयेत, कारण तेथील शिरांतून संसर्ग डोळ्यामागे व मेंदूकडे जाऊ शकतो. प्रतिजैविकांच्या गोळ्या ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नयेत. आणि आपले म्हणणे ऐकले गेले नाही असे वाटले, तर संकोच न करता ते पुन्हा सांगावे. आमच्या रुग्णालयात तसे सांगणाऱ्याला कोणीही रागे भरणार नाही, ही आमची ग्वाही आहे.

ज्या शेतकरी बांधवांची हकीकत वर दिली आहे, ते आजही मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येतात. त्यांची ओळख पटेल असा तपशील आम्ही कटाक्षाने टाळला आहे. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या ऋणाची नोंद या अहवालात व्हावी, ही विश्वस्त मंडळास विनंती.